भिंतीचा कागद कोणी गिळला

खरं सांगा, कॉम्प्युटरनं तुमची फाइल गिळली आणि माफी मात्र तुम्हीच मागितली, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय की नाही?

झालंच असणार. सेतू केंद्राच्या खिडकीपाशी, बँकेच्या काउंटरवर, शाळेच्या ऑफिसात, "माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असेल" असं म्हणत मान खाली घालणारी माणसं मी लहानपणापासून पाहते आहे. यंत्र चुकत नाही आणि माणूस चुकतो, हे आपल्याला कोणी शिकवलं ठाऊक नाही. आपण मात्र ते फार मन लावून शिकलो. मी ते शिकायला नकार देते. का, ते सांगायचं तर आईचं दुकान सांगावं लागेल, तांड्याजवळचा एक रस्ता सांगावा लागेल, आणि मी पगार घेऊन लिहिलेलं एक कंटाळवाणं पानही सांगावं लागेल.

दुकान दारव्ह्यात आहे. पाटीवर झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन असं लिहिलेलं असलं तरी लोक त्याला छापखानाच म्हणतात, कारण आई आधी खरोखरच्या छापखान्यात होती. तिथं ती खिळे जुळवायची. शिशाची उलटी अक्षरं एकेक करून चिमटीत घ्यायची, ओळ भरायची, ओळीखाली ओळ रचायची. तो छापखाना बंद पडला तेव्हा मालकानं सगळं शिसं भंगारात दिलं. आईनं एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बस्तान मांडलं.

मी पत्रकांवर वाढले. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, आमच्या घरात दुसरा कागदच नव्हता. छापताना बिघडलेली पत्रकं आई घरी आणायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अभ्यास करायची. पुढून 'जाहीर सभा', मागून माझे पाढे. मी स्वतःहून वाचलेला पहिला मोठा शब्द 'बंधु-भगिनींनो' हा होता. जयंतीची मिरवणूक, विहारातले वर्ग, अडलेली शिष्यवृत्ती, कोरडी टाकी, कापसाच्या काट्यातली लबाडी, सगळं आधी आमच्या घरी यायचं आणि मग गावात जायचं. मजकूर घेऊन कोणी आलं की आई वाचायची आणि पेन्सिल खाली ठेवून विचारायची, "पाणी मिळत नाई म्हणता, ते बराबर हाये. पण देत कोण नाई? ते लिवा ना." समोरचा माणूस चुळबुळ करायचा. कोणाचं नाव घ्यायचं म्हणजे उद्या बाजारात त्याच्याशी गाठ. आई थांबून राहायची. बहुतेक वेळा ते नाव पत्रकात यायचंच.

एका कामाचे आमच्याकडे दोन कागद होतात. एक भिंतीचा, एक हातचा. भिंतीचा म्हणजे लांबून दिसावा असा: चार शब्द, तेही ठसठशीत. हातचा म्हणजे माणसानं घरी नेऊन वाचायचा: सगळी हकीकत, सगळ्या मागण्या, बारीक टाइपात. जुन्या छापखान्यात दोन्हींचे गठ्ठे एकाच नावानं बांधले जायचे, कारण काम एकच. फक्त वरच्या चिठ्ठीवर भिंतीच्या कामाचं नाव मोठ्या अक्षरात आणि हातच्या कामाचं बारीक अक्षरात लिहायची रीत होती. मशीनवाल्याला दुरूनच कळायचं की लाकडी मोठा टाइप काढायचा की शिशाचा बारका.

कॉम्प्युटर आला तेव्हा आईनं ती रीत तशीच आत नेली. फाइलींची नावं तिला इंग्रजी अक्षरांत द्यावी लागली, कारण देवनागरी नाव यवतमाळच्या फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर गेलं की तिथं नुसते चौकोन उमटायचे. मग कीबोर्डवर सगळी अक्षरं मोठी करणारं बटण तिला सापडलं आणि तिचा प्रश्न सुटला. भिंतीचा कागद मोठ्या अक्षरांत, हातचा कागद लहान अक्षरांत. नाव एकच.

इंग्रजी जाणणारा माणूस याला हसेल. त्याच्या लेखी मोठं ए आणि लहान ए हे एकच अक्षर, एकानं सणाचे कपडे घातलेत एवढंच. पण आपल्या लिपीत मोठं क आणि लहान क अशी भानगडच नाही. ती बाहेरून आली. आणि आईनं बाहेरून आलेल्या त्या वस्तूला आपल्या कामाचा अर्थ दिला. तो अर्थ चुकीचा आहे असं म्हणणाऱ्यानं आधी मला सांगावं की बरोबर अर्थ ठरवण्याचा मक्ता त्याला कोणी दिला.

आता माझ्या नोकरीविषयी. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी दारव्ह्यात बसून काम करते. कंपनी एक प्रोग्रॅम बनवते. तो फाइलींचा इतिहास सांभाळतो: कोणती फाइल केव्हा बदलली, कोणी बदलली, बदलण्याआधी कशी होती. दहा माणसं दहा कॉम्प्युटरवर एकाच कामात हात घालत असली तरी कोणाचं काही हरवू नये, यासाठी तो असतो. त्याची मदतीची पानं लिहिणं हे माझं काम. कोणतं बटण काय करतं, कोणतं सेटिंग कशासाठी. कोणी आवडीनं वाचत नाही अशी पानं. अडचणीत सापडलेला माणूसच ती उघडतो, आणि म्हणूनच मला ती पत्रकांइतकीच महत्त्वाची वाटतात.

तोच प्रोग्रॅम मी आईच्या दुकानात बसवून दिला होता. दुकानातला जुना कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, कारण दुसरं काही त्याला पेलत नाही. पुढे एक नवा लॅपटॉप घेतला, तो विंडोजचा. दोन्हीवर सगळी कामं दिसावीत म्हणून मी जुन्यावरचा सारा संग्रह प्रोग्रॅमच्या मार्फत नव्यावर उतरवला. आई खूश होती. नेट नव्यावरच होतं, त्यामुळे फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवणं आता सोपं होणार होतं.

याच सुमारास गावाबाहेरच्या एका बंजारा तांड्यातल्या बचत गटाच्या अध्यक्षबाई दुकानात आल्या. तांडा अगदी मोठ्या रस्त्याला लागून. पण एसटी तिथं थांबत नाही. तांड्यातल्या मुलींना शाळा-कॉलेजसाठी दारव्ह्याला यायचं तर पुढच्या फाट्यापर्यंत चालत जावं लागतं, नाहीतर जीपमध्ये कोंबून घ्यावं लागतं. अध्यक्षबाई स्टुलावर बसल्या त्या बोलतच.

"साऱ्या मुलखाचं मीठ आमच्या आजा-पणजाच्या बैलाच्या पाठीवरून गेलं, बाई. अन् आमच्या पोरीले एक बस उचलत नाई. लिवा हे."

"लिवतो," आई म्हणाली. "थांबवत कोण नाई? ड्रायव्हर का डेपो?"

"ड्रायव्हर म्हणते डेपोले विचारा. डेपो म्हणते थांबा मंजूर नाई."

"मंग दोघायचंही लिवू. अन् भिंतीवर काय पाह्यजे?"

"भिंत कायची? रस्त्याच्या कडंला लावतो. ड्रायव्हरले गाडीतून दिसला पाह्यजे."

अशा रीतीनं दोन कागद झाले. हातच्या कागदात सगळी हकीकत, डेपोनं दिलेली उत्तरं आणि मुलींची व्यथा. रस्त्याच्या मोठ्या फ्लेक्ससाठी फक्त 'एसटी इथं थांबलीच पाहिजे', आणि खाली 'तांड्याच्या लेकी'. दोन्हींच्या माथ्यावर सारखाच लाल पट्टा. आईनं जुन्या कॉम्प्युटरवर बसून दोन्ही बनवले आणि नेहमीच्या रीतीनं नावं दिली: THAMBA आणि thamba. मग नव्या लॅपटॉपवर सगळं ओढून घेतलं, मोठ्या अक्षरांची फाइल निवडली, दिवसाचं काम नोंदवून टाकलं आणि ती फाइल यवतमाळला पाठवली. तिथून फ्लेक्स गुंडाळी होऊन परस्पर तांड्यात गेला.

दोन-तीन दिवसांत अध्यक्षबाई परत आल्या. मी दुकानाच्या मागच्या भागात टेबल टाकून काम करत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"लय भारी बोर्ड केला वो तुम्ही," त्या म्हणाल्या.

"लागला काय?" आईनं खुशीनं विचारलं.

"लागला ना. ड्रायव्हर खाली उतरून वाचून राह्यला. चहा पेला, डबा खाल्ला, एक झोप काढली, तरी अर्धाच झाला."

आईला कळेना. अध्यक्षबाईंनी मोबाइल पुढे केला. "हे पाहा. मुंगीएवढ्या अक्षरात सारी पोथी लिवून देल्ली तुम्ही. हे वाचाले आधी बस थांबली पाह्यजे. अन् बस थांबत नाई म्हणूनच त बोर्ड लावला ना, बाई!"

आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. लाल पट्टा तोच होता. खाली मात्र ओळीच ओळी.

"हा त हातचा कागद हाये," ती म्हणाली.

"हातचा असो का पायाचा. पोरी हासून राह्यल्या ना. म्हणे, काकू, आपला बोर्ड पाह्याले दुर्बीण लागते."

मी उठून बाहेर आले. आईचा चेहरा पडला होता. आयुष्यभर खिळे जुळवलेल्या बाईनं भिंतीच्या जागी हातचा कागद पाठवला. तिच्या धंद्यात याहून मोठी नाचक्की नाही.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "मीच काई दाबलं असन. मोठ्यावर बारका चढला माह्या हातानं."

"चुकू द्या. माणूस हाये," अध्यक्षबाई उठत म्हणाल्या. "दुसरा कधी देता, ते सांगा."

त्या गेल्यावर आईनं लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा ती लॅमिनेशनच्या मशीनपाशी जाऊन बसली. गिऱ्हाईक मजकूर घेऊन आलं की म्हणायची, "पोरीले सांगा, ते करते कॉम्प्युटरचं." तिच्या खुर्चीत मला बसावं लागलं. मी टाइप करायची आणि ती पाठमोरी बसून ओळखपत्रांच्या कडा कापायची. मजकुरावर एक प्रश्न नाही. देत कोण नाही, करत कोण नाही, काही नाही. मला त्या शांततेचा राग येत होता. आईचा नव्हे.

मी शोधलं. शोधायला फार वेळ लागला नाही, कारण असे प्रश्न माझ्या रोजच्या कामातलेच. जुन्या कॉम्प्युटरच्या लेखी मोठ्या अक्षरांचं नाव वेगळं आणि लहान अक्षरांचं वेगळं. तिथं फाइली दोन होत्या. नव्या लॅपटॉपच्या डिस्कच्या लेखी ती दोन्ही एकच नाव. त्यामुळे आमच्या प्रोग्रॅमनं संग्रह नव्यावर उतरवताना आधी भिंतीचा कागद ठेवला आणि मग त्याच जागी हातचा कागद ठेवला. वरचा पहिल्या फाइलीचा फलक तसाच राहिला, आतला माल बदलला. आईनं निवडलेल्या फाइलीवर नाव मोठ्या अक्षरांतलंच होतं. ती चुकलीच नव्हती. मग दिवसाचं काम नोंदवताना प्रोग्रॅमनं 'भिंतीचा कागद बदलला' असं इमानदारीनं लिहूनही टाकलं, आणि ते आईच्या नावावर. करणारा तो आणि नाव तिचं.

आणि प्रोग्रॅमला हे ठाऊक होतं. माझा संताप यावर होता. पहिल्यांदा एखाद्या डिस्कवर उतरताना तो डिस्कला विचारतो, 'तू मोठं-लहान अक्षर वेगळं धरतेस का?' आणि मिळालेलं उत्तर एका सेटिंगमध्ये टिपून ठेवतो. म्हणजे या लॅपटॉपवर दोन नावं एकावर एक चढणार, हे त्याला ठाऊक होतं. समोर तशी दोन नावं पडलेली त्याला दिसतही होती. तरी तो बोलला नाही.

जुना इतिहास जागेवर होता, तेवढं खरं. भिंतीचा कागद मी मागच्या नोंदीतून परत काढला. दुसरा फ्लेक्स गेला. मी आईसमोर जाऊन उभी राहिले.

"आई, तू काही पुसलं नाहीस. प्रोग्रॅमनं केलं."

"हो का," ती कात्री न थांबवता म्हणाली.

"खरंच सांगते. तुझी फाइल बरोबर होती."

"तू माही पोरगी हायेस. तू माह्याच बाजूनं बोलशीन ना." मग थोड्या वेळानं, "कुठं छापलेलं हाये काय हे? त्या प्रोग्रॅमवाल्यायनं सोता लिवलं हाये काय, का असं होते म्हणून?"

लिहिलं नव्हतं. मी ते पान उघडून तिला दाखवलं. त्या सेटिंगवर इंग्रजीत दोन वाक्यं होती. एक, फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेली नावं ठेवू नयेत. दोन, अडचण आल्यास हे सेटिंग बंद करावं. मी मराठीत सांगितलं. आईनं ऐकलं आणि मान हलवली.

"म्हणजे नावं ठेवणाराचीच चूक ना."

त्या क्षणी मला पक्कं कळलं की आईला त्या खुर्चीपासून आता दूर ठेवणारं काय आहे. फ्लेक्स नव्हे, ते पहिलं वाक्य. आणि ती परत बसायची तर ते वाक्य हटवावं लागणार होतं. पान जुनं झालेलं होतं आणि नव्यानं लिहायच्या पानांमध्ये त्याचा नंबर होताच. मी ते काम त्याच दिवशी मागून घेतलं.

पहिल्यांदा मी त्या दुसऱ्या वाक्याची परीक्षा घेतली. संग्रहाची वेगळी प्रत काढून सेटिंग बंद केलं. प्रकरण आणखी बिघडलं. प्रोग्रॅमला वाटू लागलं फाइली दोन आहेत आणि डिस्क देत होती एकच. काहीही न बदलता तो बदल झाल्याचं ओरडू लागला, नाव बदललेल्या फाइलीचं जुनं आणि नवं दोन्ही नाव धरून बसू लागला. कारण ते सेटिंग म्हणजे हुकूम नव्हताच. ती साक्ष होती. डिस्कनं काय सांगितलं त्याची नोंद. साक्षीदाराचा जबाब खोडला म्हणून घडलेली गोष्ट बदलत नाही. आमच्याच पानानं लोकांना जबाब खोडायला सांगितलं होतं.

खरा उपाय उलट्या क्रमानं होता. आधी एक रिकामं फोल्डर घ्यायचं आणि लॅपटॉपला सांगायचं की या फोल्डरात मोठं-लहान अक्षर वेगळं धर. विंडोजमध्ये तशी सोय आहे, फक्त ती कोणाला माहीत नसते. मग त्यात सगळा संग्रह नव्यानं उतरवायचा. प्रोग्रॅम पुन्हा विचारतो, त्याला नवं उत्तर मिळतं, सेटिंग आपोआप बरोबर लिहिलं जातं. मी हे करून पाहिलं, मोडून पाहिलं, पुन्हा केलं. मग पान लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की अशा डिस्कवर हा प्रोग्रॅम एक फाइल दुसऱ्या फाइलीवर ठेवतो आणि तसं सांगत नाही. त्यानंतर, हे आपल्यासोबत झालं आहे का ते कसं ओळखायचं. मग, गेलेलं परत कसं आणायचं. मग फोल्डर, मग सेटिंग. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य घातलं: ही तुमची चूक नाही.

आमच्या विभागाच्या प्रमुखांनी लगेच फोन केला. पुण्याचे गृहस्थ, स्वभावानं वाईट नाहीत. मी त्यांना सर म्हणते.

"अगं, हे काय लिहिलंयस? एक ओळीचं काम होतं. अशी नावं टाळावीत. संपलं."

"कोणी टाळावीत, सर?"

"वापरणाऱ्यानं, आणखी कोणी?"

"आणि फाइलीवर फाइल ठेवतं कोण?"

"ते डिस्कचं लिमिटेशन आहे. आणि हा नोन इश्यू आहे."

"कोणाला नोन, सर?"

ते हसले. "तू ना, भांडायला बसतेस. आपल्याला माहीत आहे ना."

"आपल्याला माहीत आहे आणि ज्याची फाइल जाते त्याला माहीत नाही. याला आमच्याकडे नोन म्हणत नाहीत, लपवलेलं म्हणतात."

"हे बघ, हे डॉक्युमेंटेशन आहे. पत्रक नाही."

"माझ्या घरी हा फरक शिकवला नाही, सर."

"बरं, मला एक सांग. एकाच नावाच्या दोन फाइली, एक मोठ्या अक्षरांत, एक लहान, अशा ठेवतं कोण? प्रोफेशनल माणूस ठेवेल का?"

"माझी आई ठेवते. तिचं पोट याच धंद्यावर चालतं. ती प्रोफेशनल नाही तर कोण आहे?"

 मग त्यांनी सौम्य आवाजात सांगितलं की एका दुकानासाठी पान लिहिता येत नाही. मी म्हटलं, ज्याचं जातं त्याचं दुकान एकच असतं. ते म्हणाले, 'ही तुमची चूक नाही' हे वाक्य कंपनी छापणार नाही, त्याचा अर्थ आपली चूक असा होतो. मी म्हटलं, अर्थ बरोबर आहे. ते म्हणाले, जुनं वाक्य तरी परत घाल. मी म्हटलं, ते तुम्ही घाला. मी नाही लिहिणार. माझ्या हातानं ते वाक्य जाणार नाही, नोकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

 दुकानाच्या पुढच्या भागात कात्रीचा आवाज थांबला होता, हे मला बोलताना कळत होतं.

त्यांनी माझी नोकरी काढून घेतली नाही. वाक्यही घातलं नाही. काही दिवसांनी पान प्रसिद्ध झालं. 'ही तुमची चूक नाही' त्यांनी काढून टाकलं होतं. जुनी दोन्ही वाक्यंही गेली होती. राहिला होता तो पहिला परिच्छेद, जवळपास माझ्याच शब्दांत: प्रोग्रॅम एक फाइल दुसरीवर ठेवतो आणि सूचना देत नाही. मला पुरं समाधान झालं असं कोणी समजू नये. अर्धी सभा उठून गेल्यावर ठराव मंजूर झाला, तसं काहीसं वाटलं.

पान इंग्रजीत होतं. कंपनी मराठीत काही काढत नाही. मी बसून त्याचं मराठी केलं, वर लिहिलं की मूळ पान कंपनीचं आहे, आणि दुकानाच्या प्रिंटरवर एक प्रत काढून आईच्या पुढ्यात ठेवली.

तिनं ती जुन्या सवयीनं वाचली, पेन्सिल हातात धरून, ओळीखाली ओळ. एका जागी माझं अनुस्वाराचं टिंब राहिलं होतं, ते दिलं. पहिल्या परिच्छेदाशी परत आली.

"हे तू लिवलं का त्यायनं?"

"लिहिलं मी. छापलं त्यांनी. त्यांच्या नावानं आहे."

"'सूचना देत नाही,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "म्हणजे त्यानंच केलं, अन् सांगतलंही नाई."

"हो."

"अन् मी त्या बाईची माफी मांगतली."

 तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग तिला एकदम राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मंग 'ही तुमची चूक नाही' असं काहून नाई लिवलं त्यायनं? लाज वाटली काय?"

"मी लिहिलं होतं. काढलं त्यांनी."

"काढतेच ना. नाव घ्या म्हटलं का सारे असेच करतात." तिनं कागद उलटा ठेवला. "नावं मात्र मी बदलणार नाई, सांगून ठेवतो. भिंतीचं मोठंच राहीन."

"कोणी बदल म्हटलं? फोल्डर तसं करून दिलंय मी. फक्त यवतमाळला पाठवताना दोन्ही सोबत पाठवू नकोस, त्याच्या मशीनवर पुन्हा तेच होईल."

"एकेक पाठवीन."

तेवढ्यात एक माणूस दारात आला. गावच्या पाणीपुरवठ्याविषयी निवेदन करायचं म्हणाला. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"उठ तिथून," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलं."

मी उठले. ती खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि माणसाकडे न पाहता विचारलं, "टाकी भरत कोण नाई, ते सांगा आधी."

एसटी तांड्याजवळ अजून नियमित थांबत नाही. कधी थांबते, कधी नाही. अध्यक्षबाई दुसऱ्या पत्रकाचा मजकूर घेऊन येणार आहेत. प्रोग्रॅमही तसाच आहे. पानावर आता खरं लिहिलं आहे, पण तो स्वतः अजून तोंड उघडत नाही. फाइलीवर फाइल ठेवण्याआधी थांबून एक ओळ दाखवणं त्याला अशक्य नाही, ते फक्त कोणी मागितलेलं नाही. मी आत राहून मागते आहे. एकटीच्या मागणीला 'तू भांडायला बसतेस' असं उत्तर मिळतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या दुकानात, शाळेत, ग्रामपंचायतीत, बचत गटात, जिथं एकापेक्षा जास्त कॉम्प्युटरवर एकच काम चालतं, तिथं आज एक करा. एका कॉम्प्युटरवर रिकामं फोल्डर घ्या. एकाच नावाच्या दोन फाइली त्यात ठेवायचा प्रयत्न करा, एक मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एक लहान. दोन राहतात की एकच, ते पाहा. मग तेच प्रत्येक कॉम्प्युटरवर करा. उत्तर वेगवेगळं आलं तर ते कागदावर लिहून प्रत्येक कॉम्प्युटरच्या वर चिकटवा, आणि जो प्रोग्रॅम तुमच्या फाइली इकडून तिकडे नेतो, तो बनवणाऱ्यांना लिहा: फाइलीवर फाइल ठेवण्याआधी आम्हाला विचारा. मराठीतच लिहा. समजून घ्यायला त्यांना माणसं ठेवता येतात.